आबांचा लाकडी बोर्ड

माझे सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा त्यांच्यासोबत कपड्यांची एक पिशवी होती आणि एक गोणी होती. पिशवी त्यांनी रिक्षावाल्याला उचलू दिली. गोणी मात्र स्वतः खांद्यावर घेतली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले तर आबा जमिनीवर मांडी घालून गोणीतून एकेक सॉकेट बाहेर काढत होते. काळ्या बॅकेलाइटचे, जाडजूड, कडा उडालेले. एकाला मधोमध तडा गेलेला, दुसऱ्याच्या भोकाभोवती जळाल्याचा पिवळट डाग.

“पितळ देख, माय,” ते खुशीत म्हणाले. “आते असं पितळ भेटस का?”

मला ते पितळ दिसत नव्हतं. मला तो पिवळट डाग दिसत होता, आणि त्या क्षणापासून माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

आबांचं सगळं आयुष्य चाळीसगावजवळच्या आमच्या गावी मोटारी रिवाइंड करण्यात गेलं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती बैलगाडीत घालून, पुढं पुढं टेम्पोत घालून त्यांच्या ओट्यावर आणून टाकत. सासूबाई गेल्यावर ते गावी एकटे राहिले. आम्ही बोलावत होतो, ते येत नव्हते. मग एक दिवस शेजारच्या काकूंचा फोन आला की तुमच्या आबांच्या घरात कालपासून चूल पेटलेली नाही, विचारलं तर म्हणतात भूक नाही. माझा नवरा त्याच दिवशी जाऊन त्यांना घेऊन आला. यायला ते एकाच अटीवर तयार झाले. त्यांना काम करायला जागा हवी होती. म्हणून शेड रिकामी करून दिली, तिथं जुनं टेबल ठेवलं, आणि मी स्वतः बाजारात जाऊन नवे पांढरे सॉकेट, नवी बटणं, नवी वायर असं सगळं आणून ठेवलं. सून म्हणून आपण किती चांगल्या आहोत असं तेव्हा मला वाटत होतं, हेही सांगून टाकते.

आबांनी ते खोकं उघडलं, एक सॉकेट हातात घेऊन अंगठ्याने दाबलं आणि परत ठेवलं. “हाई तं लेकरास्नं खेळनं शे,” ते म्हणाले. मग आठवडाभर त्यांनी आपले जुने सॉकेट चिंचेच्या पाण्यात घासले. आतली पितळी पानं ढिली पडली होती, ती पकडीने आवळली. तडा गेलेल्याला फेविकॉल लावून वर दोरा गुंडाळला. गावाहून आणलेल्या सागवानी फळीवर सगळे ओळीने बसवले आणि तो बोर्ड शेडच्या भिंतीवर ठोकला. दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू. शेजारी येऊन बघून गेले, वाहवा करून गेले. मी मात्र त्या बोर्डाकडे पाहिलं की मला तो दोरा गुंडाळलेला सॉकेटच दिसायचा.

“आबा, जुनं ते जुनं. ढिल्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते. तडा गेलेल्याला तुमचा हात लागला तर?”

“आजलोंग माले काय व्हयनं का?”

“झालं नाही म्हणून होणारच नाही का?”

“मन्हा जीवनं मी देखी लिसू, माय.” आणि मग अगदी शांतपणे, कुठलाही राग न आणता, “नई पटत व्हई तं सांग. मी आपला गावले जास.”

गावी म्हणजे काय ते मला माहीत होतं. गावी म्हणजे ती थंड चूल. बोर्ड ठेवला तर हा माणूस शॉक लागून जाईल आणि बोर्ड काढला तर उपाशी राहून जाईल, असा माझा सरळ हिशेब होता. मी नवऱ्याकडे पाहायची. माझ्या नवऱ्याचं एक ठरलेलं आहे. घरात दोन माणसं वाद घालायला लागली की हा टॉवेल घेऊन आंघोळीला जातो. त्या महिन्यात तो इतका स्वच्छ राहिला की विचारू नका.

आता त्या बोर्डातली खरी गोम सांगते, कारण सॉकेट जुने होते एवढ्याच गोष्टीवर हे थांबत नाही. आमच्या खेड्यांवर विजेचं एक वेगळंच शास्त्र आहे. वीज एका तारेने येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते, हे पुस्तकात. गावात ती दुसरी तार कधी तुटलेली असायची, कधी नुसती नावाला असायची. मग लोक काय करायचे, अंगणात एक लोखंडी सळई ठोकायचे आणि परतीची वायर तिला बांधायचे. वीज आली तारेने आणि गेली जमिनीत. बल्ब लागायचा. उन्हाळ्यात जमीन सुकली की बल्ब पिवळा पडायचा, मग घरातलं कोणीतरी तांब्याभर पाणी सळईच्या बुडाशी ओतायचं आणि बल्ब पुन्हा उजळायचा. माझ्या लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला तो तांब्या हातात दिला होता. मला वाटलं तिथं काही झाड लावलंय.

तर आबांनी आमच्या शेडमागे, न सांगता, एक सळई ठोकली होती. बोर्डावरच्या सगळ्या सॉकेटांची परतीची वायर, आणि यंत्राच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगचीही, त्यांनी सवयीप्रमाणे त्या सळईला नेऊन बांधली. त्यात त्यांना चुकीचं काही वाटलं नाही. अख्खं आयुष्य त्यांनी तेच केलं होतं आणि अख्ख्या गावाने तेच केलं होतं.

पण आमच्या घराला ट्रिप स्विच होता. वीज जमिनीत निसटायला लागली की तो पडतो आणि अख्खं घर बंद करतो. त्याचं कामच ते. आबांनी पहिल्यांदा विळ्यांना धार लावायचा ग्राइंडर सुरू केला आणि खट्ट करून माझा मिक्सर बंद पडला. पुन्हा वर केला, पुन्हा खट्ट. त्या दिवसांत मी उसळीचं वाटण पाट्यावर वाटलं, पण मनातून खूश होते. आपण बोलून थकलो, आता हा स्विच आपल्या बाजूने बोलतोय असं मला वाटायचं. आबा वैतागत होते. “नवा घरले नवी बिमारी,” म्हणत विळे हाताने कानशीवर घासत बसायचे. मला खात्री होती की चार दिवसांत ते स्वतःच बोर्ड उतरवतील.

मग एके दिवशी संध्याकाळी मी शिकवते त्या शाळेतून आले तर ग्राइंडर जोरात चालू आणि घरातले दिवेही लागलेले. “करून घेतलं सगळं व्यवस्थित,” नवरा म्हणाला. “वायरमनला बोलावलं होतं.” मला इतकं हलकं वाटलं. मी त्या रात्री शेवभाजी केली, आबांना आवडते म्हणून चांगली झणझणीत.

काय करून घेतलं होतं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. वायरमनने सळई तशीच ठेवली होती. बोर्ड तसाच ठेवला होता. त्याने ट्रिप स्विचला वळसा घालून वायर थेट पुढे जोडून दिली होती. स्विच भिंतीवर होता, त्याचा दांडा वर होता, आणि तो आता कधीही पडणार नव्हता. माझ्या नवऱ्याने हे सांगून करून घेतलं होतं, कारण आबांना काम करायला मिळणार होतं, मला मिक्सर मिळणार होता आणि त्याला भांडण ऐकावं लागणार नव्हतं.

पुढं उन्हाळा आला. जळगाव-धुळ्याकडचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. प्रत्येक खिडकीला पत्र्याचा कूलर बसतो आणि त्याच्या घरघरीवर अख्खी वस्ती झोपते. आमचा कूलर मागच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून बसवलेला होता. त्याची वायर घरातल्या पॉइंटपर्यंत पोचत नव्हती. शेड दोन पावलांवर होती. नवऱ्याने पिन सरळ आबांच्या बोर्डात लावली आणि आबांनी खुशीत मान डोलावली.

तेव्हापासून कूलरला हात लागला की मुंग्या यायच्या. आता तुम्ही म्हणाल, बाई, तेव्हाच कसं कळलं नाही? तर आमच्याकडे कूलरला मुंग्या येतातच. इकडे कोणीही तुम्हाला सांगेल, कूलरला पाणी भरताना चप्पल घालायची आणि आधी हाताची उलटी बाजू लावून बघायची. सरळ तळवा लावला तर बोटं आवळली जातात, हात सुटत नाही. उलटा लावला तर हात मागे फेकला जातो. आम्ही हे लहान पोरांना शिकवतो. कूलर दुरुस्त करायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, हात कसा लावायचा ते मात्र पिढ्यानपिढ्या शिकवलं जातं. मीही शिकले होते. मी, जी आबांना रोज शहाणपण सांगत होते, ती रोज चप्पल घालून मुंग्या येणाऱ्या कूलरमध्ये पाणी भरत होते.

त्या रविवारी दुपारी नवरा आत कूलरच्या झोतात झोपला होता. आबा शेडमध्ये होते, ग्राइंडरवर विळे लावत होते, शेतातली कामं निघाली होती आणि जुन्या गिऱ्हाइकांनी गावाहून ढीगभर पाठवले होते. कूलरची हवा गरम यायला लागली म्हणून मी पाण्याची नळी ओढत मागे गेले. नळीच्या जोडातून पाणी गळून माझी चप्पल बुळबुळीत झाली होती. पाय घसरायला लागला म्हणून मी ती काढून बाजूला टाकली. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले. ग्राइंडरचा आवाज बसत चालला होता, गुरगुरल्यासारखा. ते माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

सवयीने मी हाताची उलटी बाजू कूलरला लावली.

मुंग्या वगैरे काही नव्हतं. कोणीतरी कोपरावर हातोडा मारावा तसं झालं. मी मागच्या मागे जाऊन भिंतीवर आदळले आणि खाली बसले. नळी हातातून सुटून अंगणभर पाणी उडवत वळवळत होती. दात दातांवर बसले होते. तळवा लावला असता तर, एवढा एकच विचार डोक्यात होता.

आणि तेवढ्यात आबा शेडमधून बाहेर आले. हातात पाण्याचा तांब्या. पाय अनवाणी. ग्राइंडर मागे चालूच होता, मंद झालेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण मी कूलरच्या आड बसले होते. ते सरळ शेडमागे निघाले, सळईकडे. मोटार मंद झाली, म्हणजे जमीन सुकली, म्हणजे पाणी ओतायचं.

मला त्या क्षणी सगळं एकदम समजलं. सुकलेल्या जमिनीत वीज जिरत नव्हती, कूलरच्या पत्र्यात जी वीज चढली होती तीच त्या सळईत होती, आणि हा म्हातारा अनवाणी पायांनी तिच्या बुडाशी पाणी ओतायला चालला होता. “आबा!” मी ओरडले. निदान मला वाटलं की मी ओरडले. घशातून नुसता वारा निघाला. उठायला गेले तर पाय ऐकेनात. कूलरला धरून उठावं म्हणून हात पुढे गेलासुद्धा, आणि मी तो दुसऱ्या हाताने धरून मागे ओढला. मग रांगत मागच्या दारापर्यंत गेले, चौकट धरून उभी राहिले आणि स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत पळाले. मेन स्विच पुढच्या दाराजवळ होता. आमचं घर लहान आहे, पण त्या दिवशी ते संपता संपत नव्हतं.

दांडा खाली ओढला. पंखे थांबले, कूलरची घरघर थांबली, ग्राइंडर हळूहळू कण्हत थांबला. मी कान देऊन उभी राहिले. मागून काहीच आवाज येत नव्हता. मी देवाचं नाव घेतलं नाही, काही नाही, नुसतं “आबा, आबा, आबा” असं पुटपुटत होते.

मग शेडमागून आवाज आला. “लाइट गई का, माय?”

मला हसूही आलं आणि रडूही. मी मागे गेले तर आबा सळईपासून हातभर अंतरावर उभे होते, तांब्या तिरपा धरलेला, पाणी अजून पडायचं होतं. मी तो तांब्या त्यांच्या हातातून हिसकावून घेतला आणि अंगणात भिरकावला. सासऱ्यांच्या हातून वस्तू हिसकावण्याची माझी ती पहिलीच वेळ. मग मी त्यांना जे जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. तुमचं पितळ, तुमची सळई, तुमचा हट्ट, सगळं काढलं. आबा ऐकत राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी माझा हात धरून पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत तो अजून थरथरत होता.

“कूलरनं?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

ते शेडमध्ये गेले, चप्पल घातली, टेस्टर घेऊन आले. “चालू कर,” म्हणाले. मी नाही म्हटलं. “चालू कर, माय. माले देखू दे.” शेवटी मी पुढच्या खोलीत जाऊन दांडा वर केला आणि हात त्यावरून काढला नाही. मागून ग्राइंडर पुन्हा कण्हायला लागला. थोड्या वेळाने आबांची हाक आली, “बंद कर.” आवाज ओळखू येत नव्हता. मी बंद केलं आणि मागे गेले तर ते फरशीवर बसले होते. टेस्टर पुढ्यात पडला होता.

पंखा दोनदा थांबला म्हणून नवरा एव्हाना उठून, बनियनमध्ये, डोळे चोळत दारात आला होता. आबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“ट्रिप काबरं नई पडनी?”

नवरा बनियन खाली ओढत राहिला.

“मी इचारी राह्यनू. घरमा ट्रिप शे ना? मंग काबरं नई पडनी?”

मला वाटतं त्याने एकदा न्हाणीघराकडे पाहिलंही. पण त्या दिवशी पळायला जागा नव्हती. खाली बघत त्याने सांगून टाकलं. वायरमन, वळसा, थेट जोड. तुम्ही गावी जाऊ नये म्हणून, तो म्हणाला. घरात रोज कटकट नको म्हणून. माझ्या डोक्यात असा राग गेला की त्याच्यावर काय फेकू म्हणून मी आजूबाजूला पाहत होते, पण माझ्या आधी आबा बोलले.

“मी मरतू तं चालतं,” ते म्हणाले. ओरडले नाहीत. “मन्हं जगनं व्हयनं आते बठ्ठं. हाई पोर मरती तं?”

नवऱ्याला रडू फुटलं. आबांनी त्याची समजूत घातली नाही. ते उठले, शेडमध्ये गेले आणि स्क्रू काढायला लागले. एकेक सॉकेट उतरवून त्यांनी खाली ठेवला. मी म्हटलं, आबा, राहू द्या, वायरमन करेल उद्या. त्यांनी ऐकलं नाही. फळी उतरली, वायर उतरली, मग पहार घेऊन सळई उपटायला गेले. ती निघेना. तेव्हा नवरा गेला आणि दोघांनी मिळून ती काढली.

दुसऱ्या दिवशी दुसराच वायरमन आला. ट्रिप स्विच पूर्ववत झाला, शेडला नीट दोन्ही तारा आणि अर्थिंग मिळालं, माझ्या खोक्यातले पांढरे सॉकेट भिंतीवर बसले. जाताना वायरमनने स्विचवरचं छोटं बटण दाबून दाखवलं, खट्ट झालं, आणि तो आवाज ऐकून मला इतकी शांत झोप लागली म्हणून सांगू. आबांनी गावाचं नाव काढलं नाही. जुने सॉकेट भंगारवाल्याला त्यांनीच दिले. मला वाटलं, जिंकलो. माणूसही राहिला आणि जीवही राहिला.

मग एके सकाळी मी कणीक मळत होते आणि शेडमधून हाक आली. “माय, चालू करू का?”

मला कळेना. बाहेर डोकावले तर आबा ग्राइंडरची पिन नव्या सॉकेटात लावून, बोट बटणावर ठेवून माझ्याकडे बघत होते. मी हसून म्हटलं, करा की. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग न्हाणीघरातला दिवा लावताना. मग टीव्ही लावताना. अख्ख्या शिवारातल्या मोटारी ज्याने सुरू करून दिल्या तो माणूस बल्ब लावायला मला विचारत होता. आधी मी गंमत समजले, मग समजावलं, मग चिडले. “विचारत जाऊ नका आबा, आता सगळं नीट आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं!” ते मान डोलवायचे. “हा, हा, माय.” आणि संध्याकाळी पुन्हा दारात उभे, बोट बटणाजवळ. मी म्हणायची, करा.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी मी शाळेच्या कामाने बाहेर होते. नवरा कामावर. घरी यायला उशीर झाला. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी धग आली. आबा त्यांच्या खोलीत पलंगावर बसले होते. सदरा भिजून अंगाला चिकटलेला, चेहरा लाल, हातात वर्तमानपत्र घेऊन वारा घालत होते. पंखा बंद होता. कूलर बंद होता. मला वाटलं वीज गेलीय. मी बटण दाबलं तर पंखा लगेच फिरायला लागला.

“आबा, अहो पंखा का नाही लावला? एवढ्या उन्हात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरी आल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर अगदी उघड दिसत होता.

“तू घरमा नव्हती ना, माय,” ते म्हणाले. “मंग कोनले इचारू?”